मावशीच्या नावावरची शिल्लक

आमच्या काकांना शिक्षणाचं महत्त्व पटलं ते एका बंद पडलेल्या वॉशिंग मशीनसमोर उकिडवं बसलेले असताना. त्याआधी पन्नासेक वर्षं त्यांचं आणि शिक्षणाचं फारसं जमत नव्हतं.

काका म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. वॉशिंग मशीन दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. त्या दिवशी ते कुणाच्या तरी घरी मशीनचा ड्रम मोकळा करत होते आणि त्या घरच्या बाई फोनवर मैत्रिणीला सांगत होत्या, की मी या वयात कॉलेजात नाव घातलंय, सरकारी ग्रँट मिळाली आहे. ग्रँट थेट कॉलेजकडे जाते, कॉलेज आपली फी कापून घेतं आणि उरलेले पैसे विद्यार्थ्याला देऊन टाकतं. काकांच्या हातातला पाना तिथेच थांबला. फी, ग्रँट, कॉलेज हे शब्द त्यांच्या कानांवरून गेले असतील, पण 'उरलेले' हा शब्द थेट काळजात उतरला. त्यांनी त्या बाईंना खोदून खोदून विचारलं. वयाची अट आहे का? नाही. घरची कमाई कमी लागते का? हो, लागते. ही अट आपण डोळे मिटून पुरी करतो हे कळल्यावर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचा अभिमान वाटला.

"हिने शिकलं पाहिजे," घरात पाऊल टाकताच ते म्हणाले. चपला अजून पायातच होत्या.

मावशी भाजी निवडत होती. "कुणी?"

"तू. बाईमाणसाने शिकलंच पाहिजे. जग कुठे चाललंय!"

मावशीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यावर तिने एकदा, पुढे शिकू का, असं विचारलं होतं. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तिला चांगले मार्क होते. तेव्हा याच माणसाने, शिकून काय दिवे लावणार, असं विचारलं होतं. काका ते विसरले होते. मावशी विसरली नव्हती.

"तुम्हाला बरं वाटतंय ना?" तिने विचारलं.

मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होते. नोकरी त्या शहरात लागली होती आणि खोली मिळेपर्यंत म्हणून गेलेली मी पुढे काही वर्षं तिथेच मुक्काम ठोकून बसले. त्यामुळे हे सगळं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. बाकीचं, भिंती पातळ असल्यामुळे, आपोआप कळलेलं.

मावशी एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायची. कॉलरचे डाग काढणं, तुटलेली बटणं लावणं, इस्त्री. दिवसभर उभ्याने. संध्याकाळी आली की तिच्या हातांना वाफेचा वास यायचा. महिन्याचा पगार ती काकांच्या हातात ठेवायची आणि काका तो 'घर चालवण्यासाठी' आपल्या खिशात ठेवायचे. घर चालवायची मावशीच, पण खिसा काकांचा होता.

आता प्रश्न आला विषयाचा. इतर घरांत विषय आवडीनुसार निवडतात, आमच्याकडे वजाबाकीने निवडला. काका कॉलेजातून फीचं पत्रक घेऊन आले आणि पेन्सिल घेऊन बसले. ग्रँटची रक्कम ठरलेली, म्हणजे फी जितकी कमी तितके उरणारे जास्त. संगणकावर त्यांनी काट मारली. व्यवस्थापनावर तर इतक्या जोरात मारली की कागद फाटला. शेवटी सगळ्यात खाली एक विषय सापडला. त्याला कुणी जात नव्हतं म्हणून कॉलेजने त्याची फी निम्म्यावर आणली होती.

"मृदाशास्त्र," काकांनी अक्षरं लावत वाचलं. "म्हणजे काय गं?"

"माती," मी म्हटलं.

"कसली माती?"

"मातीच. जमिनीतली. तिचा अभ्यास."

आपली बायको शिकून शिकून माती शिकणार, ही गोष्ट पचायला त्यांना जड गेली असावी. पण त्यांनी पुन्हा एकदा वजाबाकी केली आणि त्यांचा चेहरा उजळला. "मातीसारखा विषय नाही," ते म्हणाले. "आपण सगळे शेवटी मातीच."

ही बातमी भांडवलपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. भांडवल म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण गेली कित्येक वर्षं तो कुठला ना कुठला धंदा सुरू करण्याच्या बेतात आहे आणि फक्त भांडवलापाशी अडलेला आहे, म्हणून त्याच्या माघारी सगळे त्याला तसंच म्हणतात. तो दुसऱ्याच दिवशी एक पेन घेऊन हजर झाला. डबीतलं, चकचकीत.

"वहिनी, तुमच्यासाठी," तो म्हणाला. "मी नेहमी म्हणत आलोय, आपल्या घरात डोकं असेल तर ते वहिनींना." आणि मग काकांकडे वळून, आवाज खाली आणून, "कार धुण्याचं सेंटर टाकायचं म्हणतोय. जागा बघून ठेवलीय."

मावशीची मुलगी लग्न होऊन दूर राहते. तिचा फोन आला. "आई, या वयात कॉलेज? लोक काय म्हणतील?" मग काकांनी फोन घेतला, बाल्कनीत जाऊन काहीतरी बोलले, आणि फोन परत मावशीच्या हातात आला तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, मला तुझा खूप अभिमान वाटतो."

घरात आपला इतका अभिमान शिलकीला होता हे मावशीला ठाऊक नव्हतं. काकांनी त्या आठवड्यात एकदा स्वतः चहासुद्धा केला. साखर टाकायची राहिली, पण आम्ही कुणी बोललो नाही.

अर्ज मी भरला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. बँक खात्याच्या रकान्यापाशी काकांनी आपला नंबर तोंडपाठ सांगितला. चार दिवसांनी अर्ज परत आला. म्हणून आम्ही तिघं कॉलेजात गेलो. फीच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या, चष्म्याला दोरी लावलेल्या. बोलताना त्या मान वर करत नसत.

"ज्याच्या नावाची ग्रँट, त्याच्याच नावाचं खातं लागेल," त्या म्हणाल्या.

"आम्ही नवराबायको आहोत," काका म्हणाले.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "खातं विद्यार्थिनीचं लागेल."

"मग चेक पाठवा घरी."

"पाठवू की. तिच्याच नावाचा. तो भरायलाही तिचं खातं लागेल."

मावशीचं खातं नव्हतं. म्हणजे तोवरच्या आयुष्यात तशी गरजच पडली नव्हती, कारण खात्यात ठेवायचं ते काकांच्या खिशात असायचं. त्याच दुपारी बँकेत जाऊन तिने खातं उघडलं. सही करताना तीन ठिकाणी तिच्या तीन वेगवेगळ्या सह्या झाल्या. बँकेतल्या मुलीने तिला नवा फॉर्म दिला आणि म्हणाली, सावकाश करा. शेवटी कार्ड मिळालं, त्याचा गुप्त आकडा, म्हणजे पिन, ठेवायची वेळ आली. मुलीने बजावलं, "हा आकडा कुणालाही सांगायचा नाही."

बाहेर पडल्यावर काकांनी सहज विचारलं, "काय ठेवलास आकडा?"

"सांगायचा नाही म्हणाली ती."

काका हसले. "अगं, परक्यांना."

"तसं काही ती म्हणाली नाही," मावशी म्हणाली. तिने कार्ड पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन लावली. मला वाटलं, ती थट्टा करतेय. तसं नव्हतं. मावशीला सांगितलेली गोष्ट ती सांगितली तशीच करते. काकांनी हा गुण इतकी वर्षं स्वतःच्या सोयीने वापरला होता, आता तो बँकेने वापरला.

कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी संध्याकाळी काका दारातच उभे होते. "आले का?"

"वर्गात सगळी माझ्या मुलीपेक्षा लहान पोरं आहेत," मावशी सांगू लागली. "एक मास्तर आहेत, ते..."

"पैसे, पैसे."

पैसे आले नव्हते. दुसऱ्या दिवशीही नाही, आठवडा उलटला तरी नाही. आपल्या तोंडचा घास कुणीतरी अडवून धरलाय अशा आवेशात काका खिडकीवर धडकले आणि सोबत साक्षीदार म्हणून मला घेऊन गेले.

"आधी फी वळती होते," बाई म्हणाल्या. "मग विद्यार्थी खरंच वर्गात येतोय का, ते मास्तरांकडून कळवलं जातं. ते कळल्याशिवाय उरलेली रक्कम सुटत नाही."

"म्हणजे तिला रोज यावं लागणार?"

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "कॉलेज आहे ते, साहेब."

खरं सांगायचं तर काकांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. नाव घातलं की काम झालं, अशी त्यांची समजूत होती. पण माणूस हरणाऱ्यातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः मावशीला स्कूटरवर बसवून कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडू लागले. ती आत जाईपर्यंत तिथेच थांबत. फाटकावरचा पहारेकरी मावशीला म्हणाला, तुमच्या साहेबांचं तुमच्यावर फार प्रेम आहे हो. एकदा तिला ताप होता. काकांनी कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाले, "हा काही ताप नाही. खिडकीजवळचा बाक बघून बस, हवा लागेल."

आणि मावशीचं काय चाललं होतं? तिची आधी भीतीने गाळण उडाली. मग हळूहळू तिला एक गोष्ट आवडू लागली. माती ओली करून अंगठा आणि बोटामध्ये दाबायची, तिची पट्टी किती लांब निघते ते बघायचं, त्यावरून ती चिकण की वाळूची ते ठरवायचं. ती कुठून कुठून माती आणायची आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर बशा मांडून बसायची. "ही बघ," माझ्यासमोर बोट धरून ती म्हणायची, "ही तुटतच नाही." मला सगळ्या सारख्याच दिसायच्या. मी हो हो म्हणायचे.

"घरात माती काय आणतेस?" काका ओरडले.

"गृहपाठ आहे."

गृहपाठ म्हटल्यावर काकांना पुढे बोलता येईना. गृहपाठाचा संबंध हजेरीशी होता आणि हजेरीचा कशाशी होता ते त्यांना पक्कं माहीत होतं.

अखेर एका सकाळी मावशीच्या फोनवर बँकेचा निरोप आला. उरलेली रक्कम जमा. घरात जे वातावरण झालं त्याचं वर्णन करण्याच्या फंदात मी पडत नाही. काका तिला तसंच पैसे काढायच्या मशीनवर घेऊन गेले. आकडा दाबताना मावशीने दुसऱ्या हाताने बटणं झाकली, आणि बाहेर आलेल्या नोटा मात्र सगळ्याच्या सगळ्या काकांच्या हातात ठेवल्या. सवयच होती तिला. पगार ठेवायची तसाच.

त्या पैशांतून काकांनी एक जुनी व्हॅन घेतली. लोकांच्या घरून मशीन उचलून आणायला बरी पडेल, म्हणाले. व्हॅन पहिल्या दिवशी व्यवस्थित चालली. दुसऱ्या दिवशी तिचं दार उघडेना, मग उघडलेलं लागेना, आणि महिनाभरात ती आमच्या इमारतीसमोर अशी काही स्थायिक झाली, की शेजारची मांजर तिच्याखाली व्याली. भांडवलचं म्हणणं, कार धुण्याचं सेंटर झालं असतं तर बरं झालं असतं. व्हॅन उभी होती, तिला तो निदान धुऊ तरी शकला असता, पण त्यासाठी त्याच्याकडे बहुधा भांडवल नव्हतं.

त्याच सुमाराला मावशीच्या वर्गाची सहल निघाली. सहल म्हणजे अभ्यासाची. एका टेकडीखाली खोल खड्डा खणायचा आणि जमिनीचे थर बघायचे. थोडे पैसे भरायचे होते आणि जाड तळव्याचे बूट लागणार होते. रात्रीच्या जेवणात तिने विषय काढला.

"चिखलात फिरायला पैसे?" काका म्हणाले. "चिखल इथेही आहे. व्हॅनच्या मागे बघ."

"सगळे चाललेत. त्यावर निबंध लिहायचाय."

"पैसे कुठायत पण?" काकांनी हात पसरले, आणि खरोखरच नव्हते.

ती गेली नाही. इतरांनी काढलेले फोटो बघून तिने निबंध लिहिला. मास्तरांनी खाली शेरा मारला: 'वर्णन नीटनेटके, पण प्रत्यक्ष पाहिल्यासारखे वाटत नाही.' मावशीने तो मला दाखवला. "बरोबरच लिहिलंय त्यांनी," ती म्हणाली. मग ती ओट्याशी गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली.

मधल्या काळात कॉलेजमुळे दुकानातले तिचे तास कमी झाले होते, त्यामुळे पगारही कमी. काकांनी ठरवलं, आता बास. पैसे तर हातात आले, आता कॉलेजला रामराम ठोकायला हरकत नाही. "सोडून दे," ते म्हणाले. "उद्याच जाऊन सांगून ये." मावशी दुसऱ्या दिवशी खरंच खिडकीवर गेली, कारण सांगितलं होतं. संध्याकाळी परत आली आणि चहा पिता पिता सांगितलं, "चालेल म्हणाल्या. फक्त पैसे परत द्यावे लागतील."

"कुठले पैसे?"

"ग्रँटचे. जितके दिवस शिकले तितक्याच दिवसांचे आपले. सत्र अर्ध्यात सोडलं तर बाकीचे परत. अर्ध्याहून थोडं पुढे गेल्यावर सोडलं तर मग मागत नाहीत."

काकांनी खिडकीतून खाली पाहिलं. खाली व्हॅन उभी होती. तिचे आता कुणी पैसे दिले नसते, उलट उचलून न्यायचे मागितले असते.

"अर्ध्यावर शिक्षण सोडणं मला मुळीच पटत नाही," काका म्हणाले. "सुरू केलेली गोष्ट माणसाने तडीस न्यावी." आणि दुसऱ्या दिवशी स्कूटर पुसून फाटकाकडे निघाले.

सत्र संपलं आणि मावशी रसायनशास्त्राच्या पेपरात नापास झाली. बाकीचे विषय निघाले, तेही काही फार झेंडे लावून नाही. कॉलेजचं पत्र आलं, की अमुक इतके विषय सुटले नाहीत तर पुढची ग्रँट बंद होईल. मावशीने ते पत्र वाचून घडी घालून ठेवलं. "मला नाही जमणार," ती म्हणाली. "डोक्यात राहतच नाही. अक्षरं आणि आकडे. मी आपली इस्त्रीच बरी."

आमच्या घरात त्या वेळी तिला धीर देणारा एकच माणूस निघाला, आणि त्याचं कारण काहीही असो, त्याने तो मनापासून दिला. काकांनी तिचं रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं. रोज संध्याकाळी हात धुऊन ते समोर बसायचे, चष्मा नाकावर, बोट ओळीवर. "कॅल्शियम कार्बोनेट?" मावशी सांगायची. चुकली की, "पुन्हा. नीट विचार कर, घाई नाही." हा 'घाई नाही' शब्द त्या माणसाच्या तोंडून मी आधी कधी ऐकला नव्हता. तिला विचारता विचारता त्यांचंही बरंच पाठ झालं. मशीनच्या नळीत साचणारा पांढरा थर म्हणजे हेच, असं त्यांना एकदा पुस्तकात सापडलं, तेव्हा ते इतके खूश झाले की शेजाऱ्यांना जाऊन सांगून आले. फेरपरीक्षेत मावशी सुटली. जेमतेम, पण सुटली. काकांनी त्या दिवशी मिठाई आणली आणि निम्मी स्वतः खाल्ली.

दुसऱ्या सत्राचे पैसे जमा झाल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही सगळे जेवत होतो. भांडवलही होता. अशा वेळी तो नेमका असतोच. मावशीने फोन पाहिला आणि ताटाशेजारी पालथा ठेवला.

"आले ना?" काका म्हणाले. "जेवण झालं की जाऊ मशीनवर."

"नको," मावशी म्हणाली.

"बरं, सकाळी जाऊ."

"सकाळीही नको. मी ते नाही काढणार."

कुणाला काही कळेना. भांडवलचा घास हातातच राहिला.

"म्हणजे?" काका म्हणाले.

"मला बूट घ्यायचेत. सहलीचे पैसे भरायचेत, यंदा पुन्हा निघणार आहे. पुस्तकं घ्यायचीत. आणि दुकानातली सकाळची पाळी मी सोडणार आहे, म्हणजे घरात जेवढा पगार कमी येईल तेवढे मी यातून महिन्याला देईन. बाकीचे खात्यात राहतील." ती हे सगळं वाण्याला सामानाची यादी सांगावी तशा आवाजात म्हणाली. "भाजी वाढू का अजून?"

"वहिनी," भांडवल म्हणाला, "घरचा पैसा घरात राहायला हवा ना?"

"घरातच राहतोय भाऊजी. मी घरातच राहते."

काका उठले, हात धुतले आणि झोपायला निघून गेले. त्या वेळी अजून उजेड होता.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन खिडकीवर गेले. आता बाई त्यांना ओळखायच्या. काकांनी तक्रार मांडली, की पैसे तर शिक्षणासाठी असतात आणि ही बाई ते स्वतःजवळ ठेवते, कॉलेजने काहीतरी केलं पाहिजे. निदान खात्यात नेमके किती आले एवढं तरी सांगावं.

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही ओळखता मला. तिचा नवरा. मी तिला रसायनशास्त्र शिकवलं."

"विद्यार्थ्यांची माहिती आम्ही आईवडिलांनाही देत नाही," बाई म्हणाल्या. "फी वळती झाली, उरलेली रक्कम विद्यार्थिनीला गेली. पुढे तिने त्याचं काय करायचं ते तिच्याकडे. पुस्तकं घ्या, भाडं भरा, बसचा पास काढा. आमच्याकडे त्याचा रकाना नाही."

"पण त्या उरलेल्या रकमेला तुम्ही परतावा म्हणता. परत म्हणजे, ज्याचे गेले त्याला, असं ना?"

"तुमचे कधी गेले होते?" बाईंनी अगदी साधेपणाने विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं असं मला वाटलं. आम्ही परतलो तेव्हा वाटेत काकांनी दोनदा सिग्नल तोडला.

नंतरचे काही दिवस घरात अबोला होता. स्कूटरवरून सोडणं बंद झालं. मावशीने बसचा पास काढला. मुलीचा फोन आला, या वेळी अभिमानाचा उल्लेख नव्हता. भांडवल आला आणि जाताना, "वहिनी, ते पेन जरा द्या ना, एका ठिकाणी सही करायचीय," असं म्हणून पेन घेऊन गेला, डबीसकट. ते पुन्हा कुणी पाहिलं नाही. मावशीला वाईट वाटत नव्हतं असं नाही. एक दिवस इस्त्री करता करता ती मला म्हणाली, "मी फार वाईट वागतेय का गं?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मलाही नाही वाटत. म्हणून तर भीती वाटते."

ती सहलीला गेली. तीन दिवस. त्या तीन दिवसांत आमच्या घरी काय शिजलं ते न सांगितलेलं बरं, कारण ते मी शिजवलं होतं. काका प्रत्येक जेवणाला दाराकडे बघायचे. तिने फोन केला तेव्हा त्यांनी मलाच उचलायला सांगितलं आणि मी बोलत असताना माझ्याभोवती घिरट्या घातल्या.

परत आली ती चिखलाने माखलेले बूट हातात धरून. गाल उन्हाने रापलेले. पिशवीत मातीच्या पुड्या, त्यांवर चिठ्ठ्या. रात्री ती माझ्या खोलीत येऊन बसली.

"खड्डा माझ्या उंचीहून खोल होता," ती म्हणाली. "शिडी लावून उतरायचं. मास्तर म्हणाले, तुम्ही नाही उतरलात तरी चालेल. मी उतरले. वरती काळी, मग तांबूस, मग पिवळट, खाली मुरूम. हाताने प्रत्येक थर वेगळा लागतो. मुळं कुठवर गेलीत ते दिसतं." ती थांबली. "आणि आत ना, कुणाचा आवाजच येत नव्हता. सगळे वर बोलत होते, पण मला नुसती कुजबुज ऐकू येत होती. मास्तरांनी हाक मारली तरी मी लगेच वर आले नाही."

दाराबाहेर काहीतरी हललं. काका पाणी प्यायला उठले होते म्हणे. "मुरूम किती खाली लागला?" त्यांनी बाहेरूनच विचारलं. अबोला असा संपला.

त्यानंतरची वर्षं मी लांबवत नाही. ग्रँट दर सत्राला येत राहिली, फी कापली जात राहिली आणि उरलेलं मावशीच्या नावावर जमा होत राहिलं. काका दर वेळी विचारत, पण पहिल्यासारखं नाही. तापमान विचारावं तसं. मावशी घरात ठरलेले पैसे द्यायची, वर स्कूटरचं टायर बदलून द्यायची, आणि आकडा सांगायची नाही. भंगारवाल्याने व्हॅन नेली, मांजर राहिली. पदवी मिळाली ती दुसऱ्या वर्गात. रसायनशास्त्र शेवटपर्यंत तिच्या मानगुटीवर बसलेलं होतं. कॉलेजच्याच माती तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला मदतनीस म्हणून घेतलं. घर बांधणारे, बागा लावणारे लोक पिशव्यांतून माती आणतात, ती वाळवायची, चाळायची, वजन करायची. पगार दुकानापेक्षा थोडासाच जास्त आहे, पण खुर्ची आहे. दुकानाच्या मालकाला अजून वाटतं की ती कंटाळून परत येईल.

काकांविषयी म्हणाल, तर या सगळ्याचं श्रेय त्यांचं आहे. हे मी म्हणत नाही, तेच म्हणतात. मी हिला शिकवली, माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना, माझ्या स्कूटरवर गेली. मावशी ऐकून घेते. एकदा मी चिडून म्हटलं, तू काहीच कसं बोलत नाहीस? तर म्हणाली, "अगं, कल्पना त्यांचीच होती. विषयही त्यांनीच निवडला."

गेल्या वर्षी कॉलेजने, उशिरा शिकायला येणाऱ्यांची एक बैठक घेतली आणि मावशीला चार शब्द बोलायला सांगितलं. काका कोट घालून पहिल्या रांगेत बसले. मावशी चार म्हणजे जवळजवळ चारच शब्द बोलली: आपलं खातं स्वतःच्या नावाचं असू द्या, पत्ता बदलला तर लगेच कळवा, आणि कुठलाही विषय सोडण्याआधी खिडकीवर जाऊन विचारा. टाळ्या झाल्या. बाहेर व्हरांड्यात एक गृहस्थ तिच्यापाशी आले. त्यांच्या मागे एक बाई, हातात नवी वही.

"ते सगळं ठीक आहे," गृहस्थ म्हणाले. "पण पैसे नक्की कधी सुटतात?"

मावशी तोंड उघडणार इतक्यात काका मध्ये आले. त्यांनी त्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना खांबापाशी नेलं आणि फी, हजेरी, वळती, परतावा असं पहिल्यापासून सुरू केलं. मागे उभ्या असलेल्या बाईंना मावशीने विचारलं, "विषय कुठला घेतलाय?" त्यांनी सांगितला. मग दोघी थोडा वेळ त्यावर बोलल्या. खांबापाशी काका आता पहिल्या सत्राच्या मध्यावर पोचले होते. मावशीने घड्याळ पाहिलं. प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये वाळायला ठेवलेले मातीचे नमुने काढायचे होते, म्हणून ती त्या बाईंचा निरोप घेऊन जिना चढून वर गेली.